ने (शब्द व प्रत्यय)

‘ने’ हे एकच अक्षर मराठी, गुजराती आणि हिंदी या शेजारच्या भाषांत विभक्तीची खूण म्हणून चालते. मात्र ते कोणाला चिकटते आणि त्या कोणाला वाक्यात कोणते काम देते, याबाबत या तिन्ही भाषांचे एकमत नाही. मराठीत ‘ने’ लागलेला माणूस करणारा असतो, तर गुजरातीत ‘ने’ लागलेला माणूस बहुधा घेणारा असतो. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतो. वडोदऱ्यासारख्या शहरात, जिथे मराठी घरात आणि गुजराती रस्त्यावर अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथे तो रोज कानावर पडतो.

दांडिया बाजारातल्या एखाद्या दुकानात ‘काकाने चा आपी’ हे वाक्य ऐकले, की पुण्याहून नुकत्याच आलेल्या पाहुण्याला काकांनी कोणाला तरी चहा दिला असे वाटते. प्रत्यक्षात चहा काकांना मिळालेला असतो. काकांनी दिला असता तर गुजराती माणूस ‘काकाए चा आपी’ म्हणाला असता. ‘रामने’ आणि ‘रामाने’ यांत निदान सामान्यरूपाच्या कान्याचा फरक ऐकू येतो. पण काका, मामा, दादा, राजा अशा मराठीत एकवचनी न बदलणाऱ्या आकारान्त शब्दांना तोही आधार राहत नाही आणि रूप अक्षरशः सारखे होते. मराठीची आदराची रीत येथे थोडी मदतीला येते. वडीलधाऱ्याला ‘काकाने’ म्हणणे घरात उद्धटपणाचे ठरत असल्याने मराठी माणूस ‘काकांनी’ म्हणतो, आणि त्यामुळे गुजराती ‘काकाने’ ऐकताच हे आपले रूप नव्हे, हे जाणत्या कानाला कळते.

मराठीतील ‘ने’ हा तृतीयेचा एकवचनी प्रत्यय असून त्याचे अनेकवचन ‘नी’ आहे. परंपरागत कोष्टकात एकवचनासाठी ‘ने, ए, शी’ असे तीन प्रत्यय दिले जातात. त्यांतील मधला ‘ए’ आजच्या बोलण्यात जवळजवळ उरलेला नाही. तो संतवाङ्मयातील ‘देवें’, ‘ज्ञानदेवें’ अशा रूपांत भेटतो. गुजरातीचा ‘काकाए’ मधील ‘ए’ हा त्याच कामाचा प्रत्यय आहे. म्हणजे वडोदऱ्याचा मराठी भाषक पोथी वाचताना जे जुने रूप डोळ्यांखालून घालतो, त्याच्या जवळचे रूप भाजीबाजारात जिवंत ऐकतो. कोष्टक पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठी ‘ने’चा वापर हिंदीतील ‘ने’पेक्षा बराच ऐसपैस आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात तो कर्ता दाखवतो आणि क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘चाकूने कापले’ यात तो साधन दाखवतो, ‘रेल्वेने गेलो’ यात वाहन, ‘तापाने फणफणला’ यात कारण, आणि ‘दोन दिवसांनी या’ यात त्याचे अनेकवचन चक्क काळाचे अंतर सांगते. यांपैकी कर्त्याचे काम तेवढे हिंदी ‘ने’ करतो. साधनासाठी, वाहनासाठी आणि कारणासाठी हिंदीत ‘से’ लागतो. उलट ‘मी’ आणि ‘तू’ यांना मराठीत ‘ने’ लागत नाही, पण हिंदीत ‘मैंने’, ‘तूने’ म्हणावेच लागते. अवधी आणि भोजपुरी या पूर्वेकडच्या बोलींत तर हा कर्त्याचा ‘ने’ मुळातच नाही. हरियाणवीत मात्र तो कर्त्यालाही लागतो आणि कर्मालाही.

गुजराती ‘ने’ मराठी ‘ला’ची जागा घेतो, पण तेवढ्याने दोन्ही वाक्यांची घडण सारखी होत नाही. ‘रामाने सीतेला पाहिले’ या मराठी वाक्यात कर्माला ‘ला’ लागताच क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते. गुजरातीत ‘रामे सीताने जोई’ असे म्हणताना कर्माला ‘ने’ लागूनही क्रियापद सीतेप्रमाणे स्त्रीलिंगीच राहते.

या गुजराती-राजस्थानी ‘ने’च्या उगमाविषयी इटालियन भाषापंडित लुईजी पिओ तेस्सितोरी (1887–1919) याने मांडलेली व्युत्पत्ती प्रसिद्ध आहे. जुन्या पश्चिमी राजस्थानीच्या व्याकरणावरील त्याचे टिपण 1914 ते 1916 या काळात प्रसिद्ध झाले. त्यात त्याने ‘ने’चा संबंध ‘कन्हइं’ म्हणजे ‘जवळ’ या अव्ययाशी आणि त्यामागच्या संस्कृत ‘कर्णे’ या रूपाशी जोडला. कानाजवळ, म्हणून जवळ, म्हणून ‘-ला’, असा हा प्रवास आहे. हिंदी ‘ने’ संस्कृतच्या ‘-एन’ या तृतीयेपासून आला, असे पूर्वी सरसकट सांगत. त्यावर आक्षेप असा की ‘-एन’चे प्राकृतातून ‘एं’ होते, ‘ने’ होण्यासाठी अक्षरे उलटावी लागतात. वाद अजून चालू आहे.

प्रत्ययाबाहेरही गुजरातीत ‘ने’ दोन ठिकाणी येतो. ‘अने’चा आखूड उच्चार म्हणून तो ‘आणि’ या अर्थी चालतो. ‘चा ने नास्तो’ म्हणजे चहा नि नाश्ता. मराठी ‘आणि’चा ‘नि’ झाला तसाच हा प्रकार असून दोन्हींचे मूळ संस्कृत ‘अन्य’च्या कुळात मानले जाते. दुसरा ‘ने’ वाक्याच्या शेवटी आर्जवासाठी किंवा होकार काढून घेण्यासाठी येतो: ‘आवो ने’, ‘सारुं छे ने?’ मराठीत हे काम ‘ना’ करतो. वडोदऱ्याच्या मराठी घरांत ‘बस ने जरा’ असे कोणी म्हणून गेले तर त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. जपानी भाषेतही वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावून समोरच्याची संमती मागतात. हा निव्वळ योगायोग आहे.

प्रत्यय नसलेला मराठी ‘ने’ म्हणजे ‘नेणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, जसे ‘ही पिशवी घरी ने’. त्याचा धातू संस्कृत ‘नी’ असून ‘नेता’, ‘नीती’, ‘विनय’ हे त्याचेच गोतावळे आहेत. जुन्या मराठीतील ‘नेणे’ म्हणजे ‘न जाणे’ हा मात्र वेगळा शब्द आहे. त्यात ‘न’ आणि ‘जाणणे’ एकजीव झाले असून ‘नेणता’ हा शब्द त्यातून आला.

नकाराचा हा ‘न’ इंडो-युरोपीय कुळात दूरवर पसरला आहे. चेक आणि लिथुआनियन भाषांत ‘ने’ म्हणजे ‘नाही’, फ्रेंचमध्ये तो नकाराचा पहिला अर्धा भाग आहे, आणि लॅटिनमध्ये ‘ने’ ‘असे न होवो’ या अर्थी येई. ग्रीक भाषेत मात्र ‘ने’ असा उच्चार असलेला शब्द ‘होय’ या अर्थाचा आहे, आणि कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘हो’. तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय’.

बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळी राज्यकारभाराच्या संज्ञांचे प्रतिशब्द अनेक भाषांत देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश 1931 मध्ये तयार झाला. संज्ञांना प्रतिशब्द देता येतात, कारण खजिना कोणत्याही भाषेत खजिनाच असतो. ‘ने’ला तसा प्रतिशब्द नसतो, तो कोणाच्या मागे लागला आहे आणि वाक्य कोणत्या भाषेतले आहे, हे ठरल्यावरच चहा कोणी दिला आणि कोणाला मिळाला ते कळते.