व्रण आणि सैल कातडी: दुखण्याचं मूळ एकच

टाके निघतात त्या दिवशी व्रण बहुधा छान दिसतो, बारीक आणि सरळ. सहा-आठ आठवड्यांनी तोच लाल होतो, फुगतो, हाताला दोरीसारखा टणक लागतो आणि खाजतो. काहीतरी बिघडलं असं वाटून माणूस मिळेल ते क्रीम चोळायला लागतो. बहुतेकदा बिघडलेलं काहीच नसतं. आत बांधकाम जोरात चालू असतं, एवढंच.

जखम झाली की शरीराला ती बुजवायची घाई असते, देखणेपणाची नाही. पेशी भराभर कोलॅजेनचे, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे टाकत सुटतात. धडधाकट त्वचेत हे धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. व्रणात ते बरेचसे एकाच दिशेने, दाटीवाटीने पडतात. मग वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, जुने धागे मोडून नवे घालण्याचं काम चालतं आणि व्रण हळूहळू मऊ, सपाट, फिकट होतो. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी ताकद असते. पुढे ती 80 टक्क्यांपर्यंत जाते, पण पूर्ववत कधीच होत नाही.

कापायचं कुठल्या दिशेने, यावरही बरंच ठरतं. 1861 साली व्हिएन्नातले शरीररचनातज्ज्ञ कार्ल लांगर यांनी मृतदेहांच्या त्वचेला गोल टोकाच्या अवजाराने भोकं पाडली. भोकं गोल न राहता लांबट झाली, कारण त्वचा प्रत्येक जागी ठरावीक दिशेने ताणलेली असते. त्या ताणाला धरून दिलेला छेद बारीक भरतो; आडवा दिला तर व्रण रुंदावतो.

म्हणून पहिले काही महिने खरी औषधं साधी असतात. व्रणावर ताण पडू नये म्हणून कागदी चिकटपट्टी. ऊन लागून तो काळवंडू नये म्हणून कपडा किंवा सनस्क्रीन. जखम पूर्ण मिटल्यावर अंगठ्याने दाबून मालिश. आणि सिलिकॉनची पट्टी किंवा जेल: पट्टी दिवसाचे 12 तास तरी, आणि तीही दोन-तीन महिने. चार दिवस लावून ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांना फरक दिसणारच नाही. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावण्याचा सल्ला मात्र मी कुणाला देणार नाही. त्याने व्रण सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि कित्येकांना पुरळ उठतं.

छेदाच्या हद्दीतच फुगलेला व्रण बऱ्याचदा आपोआप बसतो. केलॉइडची जात वेगळी. तो हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत पसरतो आणि कानाची पाळी, छाती, खांदा या जागा त्याला विशेष आवडतात. सावळ्या वर्णात तो जास्त आढळतो. त्यात चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. ती दुखतात, आणि त्या जागची त्वचा पातळ किंवा पांढुरकी होऊ शकते. केलॉइड नुसता कापून टाकला तर निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, म्हणून कापल्यावर इंजेक्शनं किंवा एक-दोन दिवसांत रेडिएशन जोडावं लागतं. राहिलेला लालपणा घालवायला एक लेसर, जाडी आणि खडबडीतपणा कमी करायला दुसरा. वेडावाकडा व्रण कापून नव्याने शिवायचा असेल, तर साधारण वर्षभर थांबणंच बरं.

सैल कातडीची तक्रार वरवर अगदी उलटी. बाळंतपणानंतर किंवा पुष्कळ वजन उतरल्यावर पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश जागेवर जाते. दोष इलॅस्टिनचा, म्हणजे त्वचेला रबरासारखी ओढून परत आणणाऱ्या धाग्यांचा. हे धागे मुख्यतः जन्माआधी आणि बालपणी तयार होतात. नंतर तुटले तर शरीर ते नीटसे बनवत नाही. व्रणातही नेमकी त्यांचीच वानवा असते.

रेडिओफ्रिक्वेन्सी आणि अल्ट्रासाउंडची यंत्रं त्वचेला आतून ऊब देतात. त्याने कोलॅजेन आक्रसतो, नवा बनतो. इलॅस्टिनची भरपाई होत नाही. त्यामुळे थोडीशी सैल त्वचा काही महिन्यांत जरा आवळते. लोंबणाऱ्या घडीपुढे ही यंत्रं थिटी पडतात, जाहिरातीत काहीही दाखवलेलं असो. पोटाचे स्नायू मधोमध फाकले असतील तर तेही त्वचा आवळून मिटत नाहीत.

घडी काढायची तर कापावीच लागते. त्याआधी वजन निदान सहा महिने स्थिर हवं आणि सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद हवी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उचललेल्या त्वचेची कड काळी पडून मरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन माणसाला उभं करून पोटावर पेनाने रेघा आखतात, कारण आडवं झाल्यावर कातडी बाजूला ओघळते आणि मापं चुकतात. रेघ अंतर्वस्त्राखाली झाकेल अशी आखली, तरी ती एका बाजूच्या कमरेपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाते. घडीच्या बदल्यात हा एवढा लांब व्रण पत्करायचा, आणि सहा-आठ आठवड्यांनी तोही लाल होऊन खाजणार आहे.