शिकवण आणि रीत: तरुणांच्या प्रश्नात होणारी गल्लत

सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंचांच्या बैठकीत तरुणांचा विषय निघाला की वाद हमखास गिटारवर येऊन ठेपतो. कुणी म्हणतं, ‘पोरं टिकवायची तर गिटार-ड्रम लागतीलच.’ कुणी म्हणतं, ‘आज गिटार आली, उद्या शिकवण जाईल.’ तळमळ दोघांचीही खरी आहे. पण शिकवण वेगळी आणि रीत वेगळी, हे दोघंही विसरतात.

ज्याच्यावाचून सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा शुभसंदेश, सुवार्ताच राहत नाही, ती शिकवण. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. तारण कृपेनेच होतं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा एकच देव. आपल्या शहरात मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे विश्वासणारे शेजारी-शेजारी राहतात. त्यांच्या चाली निराळ्या, पण विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारं विधान, तोच. उपासनेची वेळ, पेटी की कीबोर्ड, सतरंजी की बाक, ही सगळी रीत.

प्रेषित पौलाने हा फरक तीमथ्य आणि तीत या दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत करून दाखवला. तीमथ्याची आई यहूदी, बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. त्या भागातल्या यहूद्यांमुळे पौलाने स्वतः त्याची सुंता केली (प्रेषितांची कृत्ये १६). तीत हेल्लेणी; त्याची सुंता करा म्हटल्यावर मात्र पौल तसूभरही हटला नाही (गलतीकरांस २). सुंता तीच, पण यरुशलेमेत काही लोक ती विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर अट म्हणून लादू पाहत होते. लोकांपर्यंत पोचायला रीत पत्करणं पौलाला मान्य होतं. तिला तारणाची अट बनवणं त्याला कदापि मान्य नव्हतं.

जीन्स घालून आलेल्या मुलीला दारातच ‘तू जगाची झालीस’ असं ऐकवणारे त्या अट घालणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात, आणि त्यांना ते जाणवतही नाही. आज जुनी म्हणून जपतो ती भजनंही एके काळी नवीच होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ताची गाणी रचली. शिकवण तीच राहिली, चाल मराठी झाली. आणि ज्या पेटीसाठी आपण भांडतो, तीही मूळची युरोपातलीच.

मला खरी धास्ती आहे ती दुसऱ्या टोकाची. ड्रम आले म्हणून शिकवण जात नाही. पाप, पश्चात्ताप, वधस्तंभ हे शब्द पोरांना जड जातील म्हणून गाळले की ती जाते. इंटरव्ह्यूसाठी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेल्या पोराला आपण सांगतो, ‘विश्वास ठेव, नोकरी तुझीच.’ नोकरी मिळाली नाही तर त्याने काय समजायचं? आपला विश्वास कमी पडला, की देव खोटा? असं वचन पौलाने तीमथ्याला कधी दिलं नाही. उलट दुःख सोसायलाच सांगितलं.

चाल गौण असली तरी गाण्यातले शब्द गौण नसतात. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा देवाने निर्माण केलेला आहे, असं शिकवणाऱ्या अरियसाने आपलं मत गाण्यांतूनही पसरवलं. निकिया इथे भरलेल्या मंडळीच्या परिषदेने इ. स. ३२५ मध्ये ते नाकारलं. त्याच शतकात सुरियानी भाषेत लिहिणाऱ्या एफ्रेमाने खोट्या शिकवणीला गीतांनीच उत्तर दिलं. गाणी बंद करा, असं तो म्हणाला नाही.

म्हणून तरुण संघाने नवं गाणं बसवायला घेतलं की पाळकसाहेबांनी आवाज किती मोठा ते बघण्याआधी कागद मागून घ्यावा आणि एकेक ओळ पोरांसोबत वाचावी. हे गाणं ख्रिस्ताने काय केलं ते सांगतं, की फक्त मला कसं वाटतं ते? कॉलेजात मित्र ‘तुमचे देव तीन कसे?’ म्हणून विचारतात, तेव्हा आपली पोरं गप्प होतात. शनिवारी संध्याकाळी तासभर विश्वासांगीकाराची एकच ओळ घ्या, त्यांना मनमोकळे प्रश्न विचारू द्या, आणि शास्त्र उघडून उत्तर द्या. रविवारी गिटार कोण वाजवणार, ते पोरांनाच ठरवू द्या.