टकळीची चकती (पूर्वमध्ययुगीन युरोप)

टकळीच्या काडीवर बसवायचे, मधोमध भोक असलेले वजन. काडीला बोटांनी गिरकी दिली की या वजनामुळे ती फिरत राहते आणि सुटणाऱ्या धाग्याला पीळ बसतो. शाळेत टकळीवर सूत कातलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. युरोपात चरखा साधारण तेराव्या शतकात पोहोचला. तोवर अंगरख्यापासून व्हायकिंग जहाजांच्या लोकरी शिडांपर्यंत सगळे सूत टकळीवरच निघे. काडी आणि लोकर मातीत बहुधा कुजून जातात, चकती मात्र टिकते. इंग्लंडमधील यॉर्क, आजच्या जर्मनीतील हेडबी, स्वीडनमधील बिर्का अशा व्हायकिंगकालीन वस्त्यांच्या उत्खननांत म्हणूनच ती पुष्कळ सापडते.

चकत्या भाजक्या मातीच्या, दगडाच्या, शिंगाच्या, शिशाच्या असत. गुराच्या मांडीच्या हाडाचे गोल डोके कापून त्याला भोक पाडले, तरी काम भागे. महत्त्वाचे असते ते वजन. हलक्या चकतीवर बारीक सूत निघते, जड चकतीवर जाडे. कोपनहेगनच्या संशोधकांनी जुन्या चकत्यांच्या प्रतिकृतींवर प्रत्यक्ष सूत कातून हे पडताळले आहे. चकतीचे वजन नोंदवले नाही, तर तिच्यातली निम्मी माहिती वाया जाते.

इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांना शिशाच्या चकत्या मिळतात. अशा वस्तूंच्या नोंदीसाठी तिथे 1997 पासून सरकारी योजना आहे. साध्या शिशाच्या चकतीचा काळ ठरवणे अवघड असते, कारण तोच आकार शतकानुशतके चालला. त्यामुळे ती नेमकी कुठे मिळाली ही नोंद अमूल्य ठरते. लिंकनशरमधील सॉल्टफ्लीटबी येथे 2010 मध्ये अशाच एका हौशी शोधकाला मिळालेल्या चकतीवर रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत ओडिन आणि हाइमडाल या व्हायकिंगांच्या देवांची नावे कोरलेली आहेत.

सूत कातणाऱ्या बाईचे नाव इतिहासात क्वचितच उरते. कीव्ह येथे 1885 मध्ये सापडलेल्या, युक्रेनमधील ओव्ह्रुच गावच्या गुलाबी पाटीदगडाच्या चकतीवर ते उरले आहे. ‘पोत्वोराची चकती’ एवढेच शब्द तिच्यावर आहेत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरील बकॉय येथील चकतीवर भोकाभोवती वर्तुळात ओघम या जुन्या आयरिश लिपीतली अक्षरे आहेत. ‘ल’च्या आत्म्याला आशीर्वाद, असा त्यांचा जुन्या आयरिश भाषेतला अर्थ लावला जातो. या ‘ल’चे पूर्ण नाव कोरलेले नाही.