मॅगझिन-क्षमता मर्यादा (अमेरिका)

बंदुकीच्या एका मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त किती काडतुसे असावीत हे ठरवणारे कायदे, आणि त्यांवरून अमेरिकेत तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद. मॅगझिन म्हणजे काडतुसांची छोटी पेटी. तळाची स्प्रिंग काडतुसे एकेक करून वर ढकलते. पेटी रिकामी झाली की ती काढून दुसरी बसवावी लागते आणि तेवढा वेळ गोळीबार थांबतो. मर्यादेच्या बाजूचा सारा युक्तिवाद या थांबण्यावर उभा आहे. भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नाही, ती परवान्याची बाब आहे आणि काडतुसे किती घ्यायची हेही परवान्यावरच ठरते. त्यामुळे मराठी वाचकाला हा वाद आधी परकाच वाटेल. अमेरिकेत मात्र १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे. पेटीही त्या हक्कात मोडते का, हा कळीचा प्रश्न आहे.

भांडण नावापासूनच सुरू होते. कायदे दहापेक्षा जास्त काडतुसांच्या पेटीला ‘लार्ज कपॅसिटी’ म्हणतात. बंदूकधारकांच्या मते ती ‘स्टँडर्ड’च आहे, कारण ग्लॉक १७ हे पिस्तूल कारखान्यातून १७ काडतुसांच्या आणि एआर-१५ रायफल बहुधा ३० काडतुसांच्या मॅगझिनसह येते. ज्याचा शब्द मान्य केला, त्याची बाजू अर्धी मान्य केल्यासारखेच होते.

८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे एका दुकानाबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स मतदारांना भेटत होत्या. हल्लेखोराच्या पिस्तुलाला ३३ काडतुसांचे मॅगझिन होते. ते संपले आणि तो दुसरे बसवू लागला, तेव्हा जमलेल्या लोकांनी त्याला खाली पाडले. तोवर सहा जणांना प्राणघातक गोळ्या लागल्या होत्या. गिफर्ड्स यांचे पती, अंतराळवीर मार्क केली (पुढे ते सिनेटर झाले) यांनी २०१३ मध्ये सिनेटच्या समितीला सांगितले की नऊ वर्षांच्या मुलीचा जीव तेराव्या गोळीने घेतला; पेटी दहाची असती तर ती मुलगी वाचली असती. या वादात बरीच आकडेमोड झाली आहे, पण या एका हिशेबाला विरोधकांकडे पटण्याजोगे उत्तर नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विरोधकांचा मुद्दाही पोकळ नाही. घरात तीन-चार दरोडेखोर शिरले तर घाबरलेल्या माणसाचे नेम चुकतात आणि पेटी बदलायला त्याचे हात धजत नाहीत. स्वसंरक्षणात सरासरी २.२ गोळ्या झाडल्या जातात, असे कॅलिफोर्नियाच्या खटल्यात सरकारी तज्ज्ञाने सांगितले. परंतु ज्याच्यावर तो प्रसंग येतो त्याला सरासरीचा काय आधार? शिवाय दहाच का, बारा का नाही, याचे शास्त्रीय उत्तर कोणाकडे नाही. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये पेटी दहाची, पण भरायची सातच काडतुसे, असा नियम केला. न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. दहाची मर्यादा टिकली.

राष्ट्रीय पातळीवर ही मर्यादा फक्त दहा वर्षे होती. १३ सप्टेंबर १९९४ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने दहापेक्षा मोठ्या नव्या मॅगझिनवर बंदी आली. आधीच बनलेली मात्र विकायला मोकळी राहिली. जुना साठा प्रचंड असल्याने बंदीचा परिणाम मोजणे अभ्यासकांना अवघड गेले. २००४ मध्ये मुदत संपली आणि काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) ती वाढवली नाही. तेव्हापासून निर्णय राज्यांच्या हाती आहे. त्याची राजकीय किंमत कोलोरॅडोत दिसली. ऑरोरा येथील चित्रपटगृहातल्या २०१२ च्या हत्याकांडानंतर तिथे १५ ची मर्यादा आली. बहुसंख्य शेरीफ (काउंटीचे निवडून आलेले पोलीसप्रमुख) त्याविरुद्ध न्यायालयात गेले, मॅगपुल या मॅगझिन बनवणाऱ्या कंपनीने राज्य सोडले, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये मतदारांनी राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि सिनेटर अँजेला हिरॉन यांना मुदतीआधीच घरी पाठवले. कायदा मात्र राहिला.

न्यायालयांतला प्रवास कॅलिफोर्नियाइतका वळणावळणाचा दुसरीकडे नाही. तिथे विक्रीवर २००० पासून बंदी होती. २०१६ च्या जनमताने जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. स्थगिती येईपर्यंतच्या आठवड्यात लोकांनी मोठ्या मॅगझिनची झुंबडीने खरेदी केली. बंदूकधारक त्याला ‘फ्रीडम वीक’ म्हणतात. २०२१ मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाच्या (पश्चिमेकडील राज्यांच्या संघीय अपील न्यायालयाच्या) विस्तारित पीठाने ७ विरुद्ध ४ मतांनी कायदा वैध ठरवला.

इतक्यात कसोटीच बदलली. जून २०२२ च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शस्त्रबंदीचा कायदा किती उपयोगी आहे हे पाहायचे नाही. देशाच्या ऐतिहासिक परंपरेत त्याच्याशी जुळणारे नियम होते का, एवढेच पाहायचे. टूसॉनचा तो विराम, तेरावी गोळी, २.२ ची सरासरी, सगळे एका फटक्यात दुय्यम झाले. वकील बारुदाच्या साठ्याचे जुने नियम, सापळ्याच्या (आपोआप सुटणाऱ्या) बंदुकांवरील बंदी, बोवी या लांब पात्याच्या सुऱ्यांविरुद्धचे कायदे शोधू लागले. समोरची बाजू १८६० च्या सोळा काडतुसांच्या हेन्री रायफलकडे बोट दाखवू लागली. जिवंत माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न दप्तरखान्यात सोडवायला लावणे ही या कसोटीची मोठी उणीव आहे.

बेनिटेझ यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये कायदा पुन्हा रद्द केला आणि २० मार्च २०२५ रोजी त्याच सर्किटने पुन्हा ७-४ ने तो उचलून धरला: मोठे मॅगझिन हे ‘शस्त्र’ नसून जोडसाधन आहे, आणि शस्त्र मानले तरी विशेष धोकादायक वापर रोखण्याची परंपरा जुनी आहे. असहमत न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी आपल्या दालनात पिस्तुले हाताळत चित्रफीत बनवली आणि भाग वेगळे काढता येतात म्हणून ते निव्वळ जोडसाधन ठरत नाहीत, हे दाखवले. अपील न्यायालयाच्या निकालाला अशी चित्रफीत जोडण्यावर त्यांच्या काही सहकाऱ्यांनीच आक्षेप घेतला.

ऱ्होड आयलंडने २०२२ मध्ये दहाची मर्यादा घातली आणि जुनी मॅगझिन १८० दिवसांत काढून टाकायला सांगितले. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २ जून २०२५ रोजी ऐकण्यास नकार दिला. थॉमस, अलिटो आणि गोर्सच हे तीन न्यायमूर्ती ती घ्यायला तयार होते, त्यासाठी लागणारे चौथे मत मिळाले नाही. मॅसॅच्युसेट्समध्येही दहाचीच मर्यादा आहे. मात्र ते राज्य ओलांडून न्यू हॅम्पशायरमध्ये शिरले, की ऱ्होड आयलंडपासून मोटारीने दीड-दोन तासांवर, तीच तीसची पेटी दुकानात मांडणीवर मिळते.