पार्श्वभूमी : चौकातले सेकंद आणि रस्त्यावरचे मैल

जून २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात नव्या सायकलपट्ट्या आखायला न्यायालयाने मनाई केली. ही मनाई पूर्णपणे उठायला २०१० चा ऑगस्ट उजाडला. शहराने २००५ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यासच केला नाही, असा आक्षेप होता आणि तो न्यायालयात टिकला. सायकलीने पर्यावरणाचं काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. पण पट्टीसाठी मोटारींची एक मार्गिका गेली की सिग्नलला गाड्या जास्त थांबतात, आणि कॅलिफोर्नियात तेव्हा गाड्यांचा खोळंबा हाच पर्यावरणावरचा परिणाम धरला जाई. हजाराहून जास्त पानांचा अहवाल तयार झाला, तेव्हा कुठे रंगाचे डबे उघडले.

हा प्रकार सायकलींपुरता नव्हता. नवी इमारत, नवं दुकान, नवी शाळा, सगळ्यांना हीच फूटपट्टी लागायची. ती मुळात बनली होती दुसऱ्याच कामासाठी.

अमेरिकेत १९५० साली ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ची पहिली आवृत्ती निघाली. एका मार्गिकेतून तासाला किती गाड्या जाऊ शकतात, हा तिचा मुख्य प्रश्न. १९६५ च्या आवृत्तीत ‘लेव्हल ऑफ सर्व्हिस’ ही कल्पना आली. रस्त्याला ए ते एफ अशा सहा श्रेणी, अगदी प्रगतिपुस्तकासारख्या. पुढच्या आवृत्त्यांत सिग्नलच्या चौकासाठी या श्रेणी सेकंदांत बांधल्या गेल्या. दर गाडीमागे सरासरी ३५ ते ५५ सेकंद उशीर म्हणजे डी, ८० च्या वर गेला की एफ. महामार्ग आखणाऱ्या इंजिनिअरला हे सोयीचंच होतं. मात्र ही ‘सर्व्हिस’ फक्त गाडी चालवणाऱ्याची. एकटा माणूस घेऊन निघालेली मोटार आणि चाळीस जणांची बस, दोघांचा खोळंबा एकाच तराजूत.

दुसरा धागा अंदाजाचा. अमुक चौरस फुटांचं दुकान उघडलं तर किती गाड्या येतील? यासाठी ‘इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स’ या संस्थेने १९७६ मध्ये ‘ट्रिप जनरेशन’ या संदर्भग्रंथाची पहिली आवृत्ती काढली. बरीचशी मोजणी उपनगरांतल्या सुट्या जागांवरची, जिथे पार्किंग फुकट आणि बस नावालाच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी यातला एक मासला गाजवला. १९८७ च्या आवृत्तीनुसार गाडीतूनच ऑर्डर घेणाऱ्या फास्टफूड हॉटेलात दर हजार चौरस फुटांमागे दिवसाला ६३२.१२५ फेऱ्या होतात. दशांशानंतर तीन अंक! आणि आधार काय, तर आठ हॉटेलांची पाहणी, त्यातही हॉटेलचा आकार आणि फेऱ्यांची संख्या यांचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध नाही.

या दोन्ही गोष्टी कायद्यात शिरल्या त्या मागच्या दाराने. १९७० मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने कॅलिफोर्नियाचा पर्यावरण गुणवत्ता कायदा आला. १९७२ मध्ये मॅमथ या डोंगराळ गावातल्या एका गृहप्रकल्पावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, सरकारी परवानगी लागते अशा खासगी बांधकामांनाही हा कायदा लागू आहे. मग दर मोठ्या प्रकल्पाचा वाहतुकीवरचा परिणाम मोजणं आलं. मोजायचं कशाने? इंजिनिअरांच्या हाताशी ए-बी-सी-डी तयार होतं. शहरांनी आपापल्या आराखड्यांत ‘चौक डीच्या खाली जाता कामा नये’ असं लिहून टाकलं, आणि सल्लागारांचा एक अख्खा धंदा त्यावर उभा राहिला.

यातून जे झालं ते उफराटं होतं. गावाबाहेर मोकळ्या माळावर तीनशे बंगले बांधले, तर जवळचे चौक रिकामेच, श्रेणी ए. तिथले रहिवासी रोज साठ-सत्तर मैल गाडी हाकतील, तो हिशेब या तक्त्यात नाही. उलट शहराच्या मध्यभागी, रेल्वे स्टेशनाला लागून शंभर घरं बांधायला जा. तिथला चौक आधीच डीच्या काठावर. तुमच्या प्रकल्पाने चार सेकंद वाढले की तो ई. आधीच्या पन्नास इमारतींनी चौक भरला, पण पावती फाटली शेवटच्याच्या नावावर. त्यावर ‘उपाय’ म्हणजे रस्ता रुंद करा, उजवीकडे वळायला जादा मार्गिका द्या, नाहीतर मजले कमी करा. फूटपाथ कापला गेला तरी चालेल, चौकाची श्रेणी राहिली पाहिजे. ज्यांना शेजारी नवी घरं नकोच होती, त्यांच्या हातात तर आयता दावा.

बदल आला तोही आडवाटेने. सॅक्रामेंटोच्या ‘किंग्ज’ या बास्केटबॉल संघासाठी नवं क्रीडागृह लवकर उभं राहावं, म्हणून सिनेटर डॅरेल स्टाइनबर्ग यांनी विधेयक आणलं, एसबी ७४३. त्यातच राज्यभरासाठी एक कलम होतं : गाड्यांचा उशीर हा यापुढे पर्यावरणावरचा परिणाम धरायचा नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली. नवं माप ठरलं ‘व्हीएमटी’, म्हणजे प्रकल्पामुळे गाड्या एकूण किती मैल धावतील. २०१८ च्या मार्गदर्शिकेत राज्याने सुचवलं की, नव्या वस्तीतला दरडोई प्रवास सध्याच्या सरासरीपेक्षा १५ टक्के कमी असावा; मोठ्या स्टेशनापासून अर्ध्या मैलाच्या आतल्या प्रकल्पांना सहसा हा तपास नको. पॅसाडेना २०१४ मध्येच पुढे सरकलं होतं, सॅन फ्रान्सिस्को मार्च २०१६ मध्ये, आणि जिथे आपली कितीतरी मराठी घरं आहेत ते सॅन होझे फेब्रुवारी २०१८ मध्ये. १ जुलै २०२० पासून राज्यभर सक्ती झाली.

नव्या मापाने सगळे खूश झाले असं नाही. घरासमोरचा सिग्नल तुंबलेल्या माणसाला दरडोई मैलांचं कौतुक कसं वाटणार? म्हणून सॅन होझेसारखी शहरं जवळच्या चौकांचा अभ्यास वेगळा करून घेतातच, फक्त पर्यावरण कायद्याबाहेर. ग्रामीण भागाची तक्रार आणखी रास्त वाटते : बसच नाही तिथे कुठलंही घर नापासच ठरणार. शिवाय मैल कुणी मोजत नाही, ते गणिती प्रारूपातून काढतात. जून २०२५ मध्ये तर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी शहरांतर्गत बहुतेक गृहप्रकल्पांना त्या पर्यावरण कायद्यातूनच सूट देणाऱ्या कायद्यावर सही केली.

आपल्याकडे १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना आधी पर्यावरण मंजुरी लागते. वाहतुकीचा हिशेब मांडताना इथेही तीच ए ते एफ ही शिडी असते, रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या मार्गे आलेली. तिच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांसाठी सी श्रेणी सुचवली आहे. आपल्या रस्त्यावर सगळंच धावतं, म्हणून दर वाहनाचं मोटारीत रूपांतर करायचं. रहदारीत बसचं प्रमाण ५ टक्के असेल तर एक बस म्हणजे २.२ मोटारी, आणि १० टक्के किंवा जास्त झालं की ३.७. बसमध्ये माणसं किती बसली आहेत, याला त्या तक्त्यात रकाना नाही.