आधार देणारा हात आणि उशिरा आलेले नियम

मल्लखांबावर मूल पहिल्यांदा उलटं होतं, तेव्हा सरांचे दोन्ही हात त्याच्या अंगाखाली असतात. एक पाठीला, एक खांद्याजवळ. खांबाला एरंडेल चोळलेलं, मुलाच्या तळव्यांना घाम, आणि खाली मॅट असली तरी जमीन फार लांब वाटते. त्या हातांवर भरवसा टाकल्याशिवाय मूल पाय वर घेऊच शकत नाही. म्हणून मुलांना खेळ शिकवण्याचा इतिहास मला नेहमी या हाताचा इतिहास वाटतो. आधार देणारा हात, छडी धरणारा हात, आणि भरवशाचा गैरफायदा घेणारा हात. त्याच्यावर नियम आले ते बहुतेक वेळा कुणातरी मुलाचं नुकसान होऊन गेल्यावर.

आपल्याकडे तालीम चालायची ती वस्तादाच्या शब्दावर. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं आणि ही विद्या गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. पुढे १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली, १९२५ मध्ये दादरला समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं. गुलामीतल्या देशाला बळकट तरुण हवे होते आणि या संस्थांनी ते मनापासून घडवले. तरीही शिकवणाऱ्याला जाब विचारण्याची सोय तेव्हा कुठेच नव्हती. तशी गरज आहे असंही कुणाला वाटत नव्हतं.

ती मनोवृत्ती माझ्या पिढीपर्यंत टिकली. मी शाळेच्या खो-खो संघात होते. एप्रिलच्या उन्हात सराव चालायचा आणि मध्ये पाणी मागितलं की मैदानाला दोन फेऱ्या जास्तीच्या. पाण्याने पोट जड होतं, पाय चालत नाहीत, अशी समजूत होती. एकदा आमच्यातली एक जण पाटीवर बसल्या बसल्या आडवी झाली. तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, प्यायला मात्र सावलीत नेल्यावरच दिलं. सर दुष्ट नव्हते. त्यांना त्यांच्या सरांनी हेच शिकवलं होतं. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आली ती १ एप्रिल २०१० पासून. पण ते कलम शाळेपुरतं आहे, आणि आता कितीतरी मुलं खेळ शिकतात ती शाळेबाहेरच्या अकादमीत.

मुलाच्या शरीराला किती झेपतं, हा प्रश्न देशासमोर आला तो ओडिशातून. २ मे २००६ रोजी बुधिया सिंग हा चार वर्षांचा मुलगा पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने पळत सुटला. ६५ किलोमीटर, ७ तास २ मिनिटं. वाटेत लोक टाळ्या वाजवत होते, कॅमेरे सोबत धावत होते, आणि अखेरीस तो कोसळला. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या लिम्का बुकात त्याला जागा मिळाली. चार वर्षांच्या मुलाची हाडं अजून वाढीला लागलेली असतात, अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची ताकद मोठ्यांइतकी नसते, आणि थांबावंसं वाटलं तरी ज्या प्रशिक्षकाच्या घरात खातो-झोपतो त्याला ‘नको’ म्हणणं त्याला जमत नाही. सरकारने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली तेव्हा अनेकांना ती अन्यायाची वाटली. गरिबाघरचं पोर पुढे जातंय, तर आडवं का येता? प्रशिक्षक बिरंची दास यांनी त्याला झोपडपट्टीतून उचलून पोटाशी धरलं होतं, हेही खरंच. माया आणि इजा एकाच माणसाकडून होऊ शकतात, हे मान्य करायला आपल्याला आजही जड जातं. पुढे २००७ मध्ये दास यांना छळाच्या आरोपावरून अटक झाली, २००८ मध्ये त्यांची हत्या झाली, आणि बुधिया भुवनेश्वरच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात वाढला.

तिसऱ्या, म्हणजे भरवशाचा गैरफायदा घेणाऱ्या हाताबद्दल बोलायला जगभरच वेळ लागला. ब्रिटनमध्ये सीलिया ब्रॅकनरिज या अभ्यासक १९८०च्या दशकापासून खेळातल्या लैंगिक शोषणावर लिहीत होत्या. क्रीडा संघटनांना ते ऐकायचं नव्हतं. १९९५ मध्ये ऑलिंपिक संघाचे माजी जलतरण प्रशिक्षक पॉल हिक्सन यांना आपल्या हाताखालच्या मुलींवरच्या अत्याचारांसाठी १७ वर्षांची शिक्षा झाली आणि कानावर हात ठेवणं अशक्य झालं. २००१ मध्ये तिथे खेळातल्या बालसंरक्षणासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासणं, प्रत्येक क्लबात तक्रार ऐकणारी एक ठरावीक व्यक्ती असणं, मुलासोबत बंद खोलीत एकट्याने न थांबणं, या गोष्टी तिथे हळूहळू रोजच्या झाल्या. तरी २०१६ मध्ये माजी फुटबॉलपटू अँडी वुडवर्ड लहानपणी आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल जाहीरपणे बोलले आणि त्यांच्यामागोमाग कितीतरी पुरुष पुढे आले. मुलग्यांना हा धोका नसतो, ही समजूत तेव्हा मोडली.

आपल्याकडचं प्रकरण त्याहून जुनं आहे. ऑगस्ट १९९० मध्ये हरियाणात पंचकुलातल्या एका १४ वर्षांच्या टेनिस खेळाडूने राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षांविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. ते अध्यक्ष पोलीस खात्यातले बडे अधिकारी होते. मुलीला शाळेतून काढण्यात आलं. १९९३ च्या अखेरीस तिने जीवन संपवलं. न्यायालयाचा निकाल लागला डिसेंबर २००९ मध्ये: सहा महिने कैद. वरच्या न्यायालयाने ती पुढच्या वर्षी दीड वर्षावर नेली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावर आणली. १९९० मध्ये अशा मुलीसाठी वेगळा कायदाच नव्हता. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा, म्हणजे पोक्सो कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ रोजी. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही संरक्षण दिलं, आणि गुन्हा कळूनही गप्प बसणाऱ्याला दोषी ठरवलं. मैदानावर ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. सहप्रशिक्षक, व्यवस्थापक, वसतिगृहाच्या ताई यांपैकी कुणालातरी बहुतेक वेळा आधीपासून शंका असते.

कागद आणि मैदान यांतलं अंतर २०२३ मध्ये दिसलं. महिला कुस्तीगीर आपल्या महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा दहा वर्षांचा झाला होता. तरीही अनेक महासंघांत तक्रार समितीच नव्हती किंवा नियमाप्रमाणे नव्हती, म्हणून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला नोटिसा काढाव्या लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित खेळाचं धोरण आता कायद्याच्या भाषेत आलं आहे. मात्र गल्लीतल्या मोकळ्या जागेवर शिट्टी गळ्यात अडकवून शिकवणी सुरू करायला आजही परवाना लागत नाही, आणि बहुतेक मुलं पहिल्यांदा शिकतात ती तिथेच.

सगळ्यांना सामावून घेण्याची गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने आली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पॅरालिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा ही सरकारची जबाबदारी, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ३०वं कलम सांगतं. पण काही व्यायामशाळा कायद्यासाठी थांबल्या नव्हत्या. समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती मल्लखांब महिला, दिव्यांग, अनाथ आणि आदिवासी मुलांपर्यंत नेल्याबद्दल.

दृष्टी नसलेल्या मुलाला मल्लखांब करून दाखवता येत नाही. त्याला खांबावरून हात फिरवून अंग, मान आणि बोंड ओळखावं लागतं, पकड कुठे बसते ते दुसऱ्याच्या पायाला हात लावून समजून घ्यावं लागतं. तिथे स्पर्श हीच शिकण्याची भाषा असते. त्यामुळे असं शिकवणाऱ्यांना एक सवय आपोआप लागते: हात लावण्याआधी तोंडाने सांगायचं, आणि थांबायचं. ती सवय डोळस मुलांच्या वर्गातही यायला काहीच हरकत नाही. मी पाहिलेल्या एका वर्गात सर नऊ वर्षांच्या मुलीला म्हणाले, “आता कमरेला धरतो हं, चालेल?” ती म्हणाली, “नको सर, एकदा मी करून बघते.” सरांनी हात वीतभर मागे घेतले आणि तिथेच धरून ठेवले.