गिम्प

गिम्प : छायाचित्रे व इतर प्रतिमा यांच्या संपादनाचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. ‘ग्नू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्राम’ या नावाचे हे लघुरूप. लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर ते चालते. फोटो कापणे, उजळणे, डाग काढणे, मागचा भाग बदलणे, मजकूर घालणे, दोन-चार चित्रे जोडून एक करणे ही कामे त्यात होतात. ‘फुकटातला फोटोशॉप’ अशी त्याची ओळख सर्रास करून दिली जाते. सांगायला ती सोपी असली, तरी तिच्यातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत.

आधी ‘फुकट’चे पाहू. गिम्प ग्नू सार्वजनिक परवान्याखाली (जीपीएल) वितरित होते. ते कोणीही कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याचा कोड वाचावा, बदलावा आणि बदललेला त्याच परवान्याखाली इतरांना द्यावा, अशी मुभा हा परवाना देतो. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने तिथे कायमचा घोळ आहे. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द असताना तो ओढवून घेण्याचे कारण नाही. चोरून उतरवलेला फोटोशॉपही मोफतच पडतो, मुक्त मात्र नसतो. उरला दुसरा शब्द. गिम्पची घडण फोटोशॉपची नक्कल करत झालेली नाही. त्याच्या बऱ्याचशा लकबी, आणि खोडीही, त्याच्या जन्मकथेतून आल्या आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये हे काम सुरू केले. कंपायलरच्या (प्रोग्रामचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अभ्यासक्रमातला, लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतला प्रकल्प डोकेदुखी ठरला, तेव्हा त्याला वैतागून ते प्रतिमा-संपादकाकडे वळले. विद्यार्थ्यांच्या ‘एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी’ या संगणक-मंडळात दोघे काम करत. गिम्पच्या स्वतःच्या फाइलला आजही ‘एक्ससीएफ’ हे शेपूट लागते, ते त्या मंडळाच्या नावाची आद्याक्षरे म्हणून. ०.५४ ही पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९६ च्या सुरुवातीला आली. तेव्हा नावातला पहिला शब्द ‘जनरल’ होता. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्या संमतीने १९९७ मध्ये त्या जागी ‘ग्नू’ आला. लॅरी युइंग यांनी लिनक्सचे बोधचिन्ह असलेला टक्स हा पेंग्विन १९९६ मध्ये रंगवला तो याच ०.५४ मध्ये. गिम्पचे स्वतःचे बोधचिन्ह, तोंडात कुंचला धरलेला विल्बर, त्यानंतर वर्षभराने आले.

सुरुवातीचे गिम्प बटणे आणि खिडक्या दाखवण्यासाठी मोटिफ या व्यापारी संचावर अवलंबून होते. ते न रुचल्याने या दोघांनी स्वतःचाच संच लिहिला : जीटीके, म्हणजे गिम्प टूलकिट. पुढे नोम हे लिनक्सवरचे अख्खे डेस्कटॉप या संचावर उभे राहिले आणि पोर आईपेक्षा कितीतरी मोठे झाले. शिक्षण संपताच किंबॉल व मॅटिस दोघेही बाजूला झाले. तेव्हापासून, म्हणजे १.० ही आवृत्ती (१९९८) येण्याच्याही आधीपासून, गिम्प स्वयंसेवकांच्या हाती आहे. ते संख्येने थोडे आणि बहुतेक फावल्या वेळात काम करणारे. जीटीकेची तिसरी पिढी २०११ मध्ये आली. गिम्पने ती स्वीकारली थेट ३.० या आवृत्तीत, मार्च २०२५ मध्ये. तोवर चौथी पिढी येऊनही चार वर्षे लोटली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

काम करण्याची मूळ पद्धत थरांची. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे लेयर. प्रत्येकावर वेगळे काम करता येते आणि खालचा कागद जसाच्या तसा राहतो. लेयरला मास्क लावला, तर त्यावर काळा रंग फिरवलेला भाग झाकला जातो आणि पांढरा फिरवला की परत दिसतो. काही पुसून टाकावे लागत नाही. फार वर्षे गिम्प प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या मानत असे. संध्याकाळचे आकाश जरा उजळायला जावे, तर त्यात पट्टे उमटत. गेगल हे नवे गणन-इंजिन २.६ मध्ये (२००८) शिरले आणि २.१० मध्ये (२०१८) सर्वत्र पोहोचले, तेव्हा ही अडचण सरली. ३.० पासून फिल्टर थरावर कायमचा न मुरता वेगळा नोंदलेला राहतो आणि नंतरही बदलता येतो. व्यावसायिक वापरकर्ते ही एक गोष्ट कैक वर्षे मागत होते.

घरात या सॉफ्टवेअरचा सर्वांत समाधान देणारा उपयोग म्हणजे जुन्या फोटोंची दुरुस्ती. आजीचा लग्नातला, पिवळा पडलेला, मधोमध घडी पडलेला कृष्णधवल फोटो घ्या. तो ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करावा. पहिला हात लेव्हल्सचा : फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या आलेखाखालचे काळे आणि पांढरे टोक आत सरकवले की धुरकटपणा जातो. पांढरे टोक मात्र बेताने सरकवावे, नाहीतर नथीतले मोती एकमेकांत मिसळून नुसता पांढरा ठिपका उरतो. मग मूळ थराला हात न लावता वर एक रिकामा थर घ्यायचा, हील हे हत्यार निवडून ‘सॅम्पल मर्ज्ड’वर (म्हणजे नमुना खालच्या थरांतूनही उचलला जातो) खूण करायची, कंट्रोल दाबून जवळच्या धड भागावर क्लिक करायचे आणि घडीवर लहान ब्रश फिरवत जायचे. गालावर, भिंतीवर हील उत्तम चालतो, कारण तो भोवतालच्या छटेत मिसळून जातो. पण केसांच्या कडेला तोच गुण आड येतो आणि केसांचा काळेपणा कपाळावर ओघळतो. तिथे उचललेला भाग जसाच्या तसा उमटवणारा साधा क्लोन बरा. लुगड्याच्या काठाची नक्षी घडीत तुटली असेल, तर काठाचाच दुसरा तुकडा उचलून नवीन थरावर बसवावा. उत्साहात सुरकुत्याही घालवल्या, की फोटो दुरुस्त होतो आणि आजी ओळखू येत नाही.

याहून रुक्ष, पण रोजचा उपयोग अर्जांचा. बँक भरतीचा ऑनलाइन अर्ज २० ते ५० केबीचा फोटो मागतो आणि मोबाइलमधला फोटो निघतो ४ एमबीचा. ‘स्केल इमेज’मध्ये आकार कमी करून जेपीजी म्हणून निर्यात करताना पूर्वदर्शनाच्या चौकटीत खूण केली, तर गुणवत्तेची पट्टी सरकवता सरकवता फाइल किती केबीची होते ते दिसते, अंदाजपंचे दहा वेळा चढवून पाहावे लागत नाही. पासपोर्टच्या मापाचे फोटोही घरी होतात. ३५ × ४५ मिमी म्हणजे ३०० डीपीआयला ४१३ × ५३१ पिक्सेल. ४ × ६ इंची कागद आडवा धरला, तर त्यावर चार-चारच्या दोन ओळींत आठ फोटो बसतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत गिम्पची कामगिरी आश्वासक आहे. डीटीपीच्या दुकानांतली जुनी पद्धत युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड हे मानक येण्याआधीच्या) फॉन्टांची : पडद्यावर मराठी, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरे. फॉन्ट बदलला की लग्नपत्रिकेची रद्दी. गिम्प अक्षरजुळणीसाठी पँगो आणि हार्फबझ ही मुक्त साधने वापरते. फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्येही हार्फबझच असते. त्यामुळे फॉन्ट धड असला, तर ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आणि ‘कार्य’मधला रफार आपापल्या जागी बसतात. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त परवान्याचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट अशा कामाला चांगले. अक्षरांमधले अंतर तेवढे वाढवू नये, शिरोरेखा तुटते.

छपाई ही मात्र दुखरी बाजू. गिम्प मुळात लाल-हिरवा-निळा या प्रकाशरंगांत विचार करते आणि ऑफसेट छापखाना चार शाईंत. ३.० मध्ये सीएमवायके या चार शाईंच्या रंगांचे पूर्वदर्शन व निर्यात यांची सोय झाली, तरी संपादन त्या रंगांत होत नाही. शिवाय अनेक छापखान्यांना फाइल हवी असते कोरलड्रॉ या व्यापारी सॉफ्टवेअरची. पत्रिका किंवा पुस्तिका छापून घ्यायची असेल, तर गिम्पमध्ये फक्त फोटो तयार करून मांडणी स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करावी आणि छापखान्याला पीडीएफ द्यावी.

नवख्यांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. २.८ पासून (२०१२) ‘सेव्ह’ म्हटले की फक्त एक्ससीएफ जतन होते. जेपीजी हवी तर ‘एक्सपोर्ट’. थर मोडून काम वाया जाऊ नये हा हेतू रास्त, पण चाळीस फोटो नुसते कापून ठेवायचे असतात तेव्हा तो बोचतो. वर्तुळ काढायचे थेट हत्यार ३.० मध्येही नाही. आधी गोल निवड करायची, मग तिच्या कडेने रेघ ओढायची. नावावरूनही वाद झाला, कारण इंग्रजीत तो शब्द अपंगांना हिणवण्यासाठी वापरला जातो. त्यातून २०१९ मध्ये ‘ग्लिम्प्स’ नावाची वेगळी शाखा निघाली आणि माणसे न मिळाल्याने दोन वर्षांत थांबली. नाव आवडले नाही म्हणून अख्खे सॉफ्टवेअर वेगळ्या नावाने चालवून पाहता आले, हे जीपीएलमुळेच.

दुसऱ्या टोकाला, हाच मोकळेपणा गैरवापरालाही वाट देतो. सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरची गिम्पची विंडोज आवृत्ती २०१५ मध्ये जाहिरातींचे सॉफ्टवेअर चिकटवून वाटली जात असल्याचे उघड झाले. गिम्पच्या मंडळींनी ते ठिकाण २०१३ मध्येच सोडले होते. म्हणून गिम्प उतरवून घ्यावे ते त्याच्या अधिकृत स्थळावरूनच.

फोटोंचे सगळेच काम गिम्पकडे नेण्याची गरज नसते. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलींसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी, बोधचिन्हे व रेखाकृतींसाठी इंकस्केप, शेकडो फोटोंचा आकार एका आज्ञेत बदलायचा तर इमेजमॅजिक. हाताने रंगवणाऱ्यांसाठी क्रिटा आहे. हे नाव स्वीडिश भाषेतल्या खडूच्या शब्दावरून आले, आणि ते ठेवताना महाभारतातले ‘कृत’ही डोक्यात होते असे सांगतात.

मराठीतून शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिम्पचे धडे मराठी निवेदनासह आहेत. त्यांत दिसणारी आवृत्ती जुनी, सुट्या सुट्या खिडक्यांची आहे. धडा पाहताना ‘विंडोज’ मेनूतून एक-खिडकी पद्धत बंद केली, तर आपल्या पडद्यावरची मांडणीही बरीचशी तशीच होते.